फेलनी, मिसडिमीनर आणि न्यू जर्सीचा तिसराच शब्द: राज्य बदललं की गुन्ह्याचा वर्ग का बदलतो?

गवतीचहा | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

विषय घरातला आहे आणि नाजूक आहे, पण आता इथे विचारल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा २०१९ मध्ये आमच्या न्यू जर्सीत एम.एस. करत होता. एका मोठ्या दुकानात, आपणच बिल करायच्या मशिनवर, त्याने काही वस्तू स्कॅन केल्या आणि काही तशाच पिशवीत टाकल्या. साधारण १४० डॉलरचा माल. दारात धरला. गावच्या म्युनिसिपल कोर्टात तारीख लागली. हा पोरगा घाबरून, कुणाला न सांगता, वकील न घेता एकटाच गेला, 'गिल्टी' म्हणाला, दंड भरला आणि परत आला. मला हे कळलं गेल्या महिन्यात. त्याला डॅलसला नवी नोकरी मिळतेय आणि तिथल्या फॉर्मवर प्रश्न आहे: 'तुम्हाला कधी फेलनी किंवा मिसडिमीनरसाठी दोषी ठरवलं आहे का?' (ढोबळमानाने फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा, मिसडिमीनर म्हणजे त्याहून हलका.) खाली दोन चौकटी, हो आणि नाही. त्याच्या कोर्टाच्या कागदावर मात्र यातला एकही शब्द नाही. तिथे लिहिलंय 'डिसऑर्डर्ली पर्सन्स ऑफेन्स'.

मी वाचायला घेतलं तेव्हा समजलं की न्यू जर्सीच्या फौजदारी कायद्यात हे दोन्ही शब्द वापरतच नाहीत. इथे गुन्ह्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी १० ते २० वर्षं, दुसरी ५ ते १०, तिसरी ३ ते ५, चौथी १८ महिन्यांपर्यंत. त्याखाली 'डिसऑर्डर्ली पर्सन्स', म्हणजे जास्तीत जास्त ६ महिने. दुकानातल्या चोरीत २०० डॉलरपर्यंत माणूस या खालच्या पायरीवर राहतो. ५०० च्या वर गेला की थेट तिसऱ्या पायरीवर. म्हणजे ६०० डॉलरचं जॅकेट उचललं तर न्यू जर्सीत ३ ते ५ वर्षांचा गुन्हा (पहिल्याच वेळी तुरुंगात सहसा घालत नाहीत, हे खरं). तेच जॅकेट डॅलसमध्ये उचललं तर 'क्लास बी मिसडिमीनर', जास्तीत जास्त १८० दिवस. टेक्सासमध्ये फेलनी व्हायला २,५०० डॉलर लागतात!

टेक्सास कडक आणि आमचं राज्य मवाळ, अशीच माझी समजूत होती. तुमच्या राज्यात काय आहे? आणि मुख्य म्हणजे, भाच्याने कोणत्या चौकटीत खूण करायची?

---

हडपसरी | सोमवार, रात्री ९:४२

ताई, काळजी करू नका, इथे माहितगार मंडळी आहेत, येतीलच.

तोवर एक गंमत. आमची आई इथे आली होती तेव्हा टीव्हीवर बातमी लागली, 'क्लास ए फेलनी'. आई म्हणाली, "अरे वा, अ वर्ग मिळाला की त्याला!" तिला समजावता समजावता चहा निवला.

---

तळटीप | सोमवार, रात्री ११:०५

गवतीचहा, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी शिकागोत इमिग्रेशन वकिलांच्या कचेरीत १६ वर्षं काम करते. मी वकील नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून नाही, समजून घ्यायला म्हणून वाचा.

मुळात 'अमेरिकेचा फौजदारी कायदा' अशी एक वस्तू नाही. ५० राज्यांच्या ५० संहिता, वॉशिंग्टन डी.सी.ची वेगळी, आणि त्यांच्या डोक्यावर केंद्राची, म्हणजे फेडरल. ढोबळ नियम असा सांगतात की एका वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकत असेल तर फेलनी, तेवढी किंवा कमी असेल तर मिसडिमीनर. फेडरल कायदा हा नियम नीट पाळतो. तिथे क्लास ए म्हणजे जन्मठेप किंवा मृत्युदंड, आणि क्लास ई म्हणजे १ वर्षाहून जास्त पण ५ वर्षांहून कमी.

राज्यांनी मात्र आपापल्या उतरंडी रचल्या. १९६२ मध्ये अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने एक नमुना दंड संहिता तयार केली, तीत फेलनीच्या तीनच पायऱ्या होत्या. पुढच्या वीसेक वर्षांत बऱ्याच राज्यांनी ती समोर ठेवून आपले कायदे नव्याने लिहिले, पण कुणी तीनच्या पाच केल्या, कुणी आकडे घेतले, कुणी अक्षरं. आमच्या इलिनॉयमध्ये १, २, ३, ४ आहेत आणि त्यांच्या वर 'क्लास एक्स', ६ ते ३० वर्षं. खुनाला तर आणखी वेगळा वर्ग. दुकानातली चोरी ३०० डॉलरच्या वर गेली की आमच्याकडे क्लास ३ फेलनी, २ ते ५ वर्षं. तुमचं ते ६०० डॉलरचं जॅकेट शिकागोतही महागात पडलं असतं.

मेन राज्यातही फेलनी हा वर्ग नाही. तिथे ए ते ई असे पाच वर्ग आहेत आणि बस. तेव्हा न्यू जर्सी एकटी नाही.

फॉर्मबद्दल उद्या सविस्तर लिहिते, घाईत लिहायची गोष्ट नाही ती. तोवर भाच्याने काहीही भरू नये.

---

बाळू_बेएरिया | मंगळवार, पहाटे २:३०

कॅलिफोर्नियाचं सांगतो. आमच्याकडे अक्षरही नाही आणि आकडाही नाही. प्रत्येक कलमात त्या गुन्ह्याची शिक्षा लिहिलेली. कलमात वेगळं काही नसेल तर फेलनीला १६ महिने, २ वर्षं किंवा ३ वर्षं, यातला एक आकडा न्यायाधीश निवडतात. शिवाय 'वॉबलर' नावाचा प्रकार आहे. तोच गुन्हा फेलनी म्हणूनही चालवता येतो आणि मिसडिमीनर म्हणूनही. सरकारी वकील ठरवतो, पुढे न्यायाधीश बदलू शकतात. एकाच कोर्टात, एकाच दिवशी, एकाच कलमाखाली दोन माणसं दोन वेगळे शिक्के घेऊन बाहेर पडू शकतात.

चोरीची रेघ ९५० डॉलरवर आहे. २०१४ च्या प्रपोझिशन ४७ (लोकांच्या थेट मतदानाने झालेला कायदा) नंतर त्याखालची दुकानचोरी मिसडिमीनर झाली. मग २०२४ मध्ये लोकांनीच प्रपोझिशन ३६ मंजूर केलं. आधी दोनदा चोरीत दोषी ठरलेल्या माणसावर आता रक्कम कितीही लहान असली तरी फेलनी लावता येते.

या राज्याला मवाळ म्हणणाऱ्यांना मी नेहमी २००३ चा यूइंग खटला सांगतो. लॉस एंजेलिसजवळ एका माणसाने तीन गोल्फच्या काठ्या पँटमध्ये लपवून नेल्या, प्रत्येकी ३९९ डॉलरच्या. हा गुन्हा वॉबलरच होता, मिसडिमीनर करता आला असता. पण त्याचे जुने गुन्हे होते आणि १९९४ चा 'थ्री स्ट्राइक्स', म्हणजे तिसऱ्या गुन्ह्याला जबर शिक्षा देणारा कायदा होता. शिक्षा २५ वर्षं ते जन्मठेप. सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती कायम ठेवली. त्याआधी १९८० मध्ये टेक्सासच्या रमेल खटल्यातही तेच. ८० डॉलर, २८ डॉलर ३६ सेंट आणि १२० डॉलर ७५ सेंट, अशा तीन फसवणुकी, तिन्ही फेलनी. मिळून २२९ डॉलर ११ सेंट आणि जन्मठेप. हे आकडे मला पाठ आहेत, कारण पहिल्यांदा वाचले तेव्हा झोप लागली नव्हती.

---

पेठेतला_माणूस | मंगळवार, सकाळी ६:१५

सर्वांची क्षमा मागून थोडं कडू बोलतो. चोरी ती चोरी. १४० डॉलरची असो की १४,०००ची. एवढा खर्च करून आईबाप मुलांना शिकायला पाठवतात आणि मुलं तिथे हे करतात. वर्ग कोणता, रेघ कुठे, ही चर्चा करण्यापेक्षा मुळात हात का गेला हे विचारा. आपल्याकडे बरं आहे, काश्मीर ते कन्याकुमारी एक कायदा, गोंधळ नाही.

---

गवतीचहा | मंगळवार, सकाळी ७:०२

@पेठेतला_माणूस, तुमचं पहिलं म्हणणं मला मान्य आहे. मी त्याला फोनवर हेच विचारलं आणि तो रडला. त्याने चूक केली, शिक्षाही भोगली. त्याची बाजू घ्यायला मी इथे आले नाही. खरं काय ते लिहायचंय आणि ते लिहायला शब्द सापडत नाहीये, एवढंच.

---

धाकटी_पाती | मंगळवार, सकाळी ८:२०

@पेठेतला_माणूस, 'एक कायदा' हेही पुरतं खरं नाही हो. फौजदारी कायदा आपल्या राज्यघटनेत समवर्ती सूचीत आहे, त्यात राज्यंही भर घालतात. मकोका महाराष्ट्राने १९९९ मध्ये केला. दारूचं तर विचारूच नका. नवापूरला दुकानातून रीतसर घेतलेली बाटली सीमा ओलांडून गुजरातेत नेली की तो गुन्हा. मात्र चोरी, मारहाण, फसवणूक यांची व्याख्या आणि शिक्षा देशभर एक, हे तुमचं बरोबर. नव्या भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, ५,००० रुपयांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली तर समाजसेवेची शिक्षा आहे. म्हणजे आपल्याकडेही आता रकमेची रेघ आली आणि पहिल्या चुकीचा वेगळा विचार आला.

आता व्हर्जिनियाचं. फेलनीचे सहा वर्ग, १ सगळ्यात गंभीर, ६ सगळ्यात हलका. त्या सहाव्या वर्गालाही १ ते ५ वर्षं, किंवा ज्युरीला वाटलं तर १२ महिन्यांपर्यंत जेल आणि दंड. चोरीची रेघ १९८० पासून २०१८ पर्यंत २०० डॉलरवरच अडकून होती. अडतीस वर्षं! मग ५०० झाली आणि २०२० पासून १,०००. महागाई वाढत गेली आणि तोच कोट हळूहळू फेलनीच्या दारात जाऊन बसला, यावर कोणाचं लक्ष नव्हतं. माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय इथे झाला. कायदा बदलला नाही आणि तरीही कडक होत गेला.

पण आपल्या लोकांना व्हर्जिनियात चोरीपेक्षा जास्त नडतो तो वेग. ताशी ८५ मैलांच्या वर गेलात, किंवा मर्यादेहून २० मैल जास्त, तर तो 'रेकलेस ड्रायव्हिंग', क्लास १ मिसडिमीनर. १२ महिन्यांपर्यंत जेल, २,५०० डॉलरपर्यंत दंड. ही फौजदारी नोंद आहे. न्यू जर्सीत एवढ्याला साधं तिकीट आणि पॉइंट.

आमच्याकडे हे घडलंय. दिवाळीला न्यू जर्सीहून परत येताना नवऱ्याचा वेग ८८ निघाला. पिवळा कागद हातात आला. आम्ही ऑनलाइन पैसे भरायला बसलो तर भरताच येईना, कोर्टात उभं राहणं भाग. आमचा एच-वन-बी, ग्रीन कार्डची रांग, मांडीवर तीन महिन्यांची मुलगी. वकील केला. नवऱ्याने गाडी चालवायचा वर्ग केला, वेगमापकाची तपासणी करून घेतली, आणि शेवटी 'इम्प्रॉपर ड्रायव्हिंग'वर सुटका झाली, जिथे फक्त दंड असतो. त्या दोन महिन्यांत घरात कोणी मोठ्याने हसलं नाही.

---

मॅडिसन_मुक्काम | मंगळवार, सकाळी ९:५५

विस्कॉन्सिन. ए ते आय असे नऊ वर्ग, २००३ पासून. 'ए' म्हणजे जन्मठेप (हडपसरी, आईंना सांगा), 'आय' म्हणजे साडेतीन वर्षं. पण यात दीड वर्ष आत आणि दोन वर्षं बाहेर, देखरेखीखाली. २००० पासूनच्या गुन्ह्यांना इथे पॅरोल नाही. म्हणून दोन राज्यांचे आकडे शेजारी ठेवून 'तिकडे जास्त, इकडे कमी' म्हणणं फसवं आहे. आकड्यातलं किती खरंच आत काढायचं, हे प्रत्येक राज्यात वेगळं.

आणखी एक. साधी चोरी २,५०० डॉलरच्या वर गेली तर फेलनी. पण तीच दुकानातून केली तर ५०० च्या वरच फेलनी! एकाच राज्यात, एकाच संहितेत. म्हणजे मित्राच्या खोलीतून ६०० चं जॅकेट उचललं तर मिसडिमीनर, दुकानातून उचललं तर फेलनी.

आणि ज्या राज्यात हे आहे तिथेच दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तर तो गुन्हाच नाही, दिवाणी दंड. देशात हे एकटं राज्य असं आहे. मला हे अजिबात पटत नाही. जॅकेटने कोणी मरत नाही.

---

पिट्सबर्गची_पोर | मंगळवार, दुपारी १२:४०

मॅडिसन, शेवटच्या वाक्याला अनुमोदन.

'फेलनी वाईट, मिसडिमीनर किरकोळ' असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी आमच्या दाराशीच उदाहरण आहे. पेनसिल्व्हेनियात पहिल्या पायरीच्या मिसडिमीनरला ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शेजारच्या ओहायोत पाचव्या पायरीची फेलनी ६ ते १२ महिन्यांची असते. गाडीने तासाभराचं अंतर! एकीकडचं 'किरकोळ' दुसरीकडच्या 'गंभीर'च्या पाचपट. मेरीलँडमध्ये तर वर्गच नाहीत, आणि तिथल्या सेकंड डिग्री असॉल्टला (मारहाणीचा एक प्रकार) मिसडिमीनर म्हणतात, शिक्षा १० वर्षांपर्यंत. मॅसॅच्युसेट्समध्ये मिसडिमीनरला अडीच वर्षं काउंटीच्या जेलमध्ये काढावी लागू शकतात.

त्यामुळे मी आता शिक्क्याकडे बघणंच सोडलंय. आकडा विचारायचा: जास्तीत जास्त किती होऊ शकते आणि प्रत्यक्षात किती झाली.

---

ऑस्टिनकर | मंगळवार, दुपारी २:१५

टेक्सासची बाजू मांडतो, कारण नवीन येणाऱ्या पोरांना हे कोणी सांगत नाही.

आमच्याकडे खालून वर: स्टेट जेल फेलनी (१८० दिवस ते २ वर्षं), तिसरी (२ ते १०), दुसरी (२ ते २०), पहिली (५ ते ९९ किंवा जन्मठेप), आणि कॅपिटल (जिथे मृत्युदंड होऊ शकतो). चोरीच्या रकमेत टेक्सास खरंच सैल आहे, गवतीचहाताई म्हणतात ते बरोबर. २०१५ मध्ये रेघ १,५०० वरून २,५०० केली.

पण गांजाच्या बाबतीत उलट. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, न्यू यॉर्क, न्यू जर्सी इथे एकवीस वर्षांवरच्यांना राज्याची परवानगी आहे. पोरं तिकडे फिरायला जातात आणि व्हेपची कांडी किंवा गमी खिशात ठेवून परत येतात. टेक्सासमध्ये दोन औंसांच्या आतला सुका गांजा क्लास बी मिसडिमीनर. पण कांडीत असतो अर्क, आणि अर्क वेगळ्या यादीत आहे. एक ग्रॅमहून कमी असला तरी स्टेट जेल फेलनी. तिकडे दुकानात बिल देऊन घेतलेली वस्तू, इकडे फेलनी. माझा रूममेट यातूनच गेला. शेवटी खटला मागे घेतला गेला, पण सेमिस्टर गेलं आणि आत्मविश्वासही गेला. त्याचे बाबा लातूरहून रोज फोन करायचे, आणि तो उचलायचा नाही म्हणून मला करायचे.

---

दापोलीकर_काका | मंगळवार, सायंकाळी ५:३०

ऑस्टिनकर, बाळा, चांगलं लिहिलंस.

मी एक विचारतो. आम्ही दोघं दरवर्षी मुलीकडे ह्यूस्टनला येतो. येताना हिच्या बहिणीसाठी झोपेच्या गोळ्या आणतो, तिथे फार महाग पडतात म्हणून. अल्प्राझोलाम. त्याचं काही होऊ शकतं का?

---

तळटीप | मंगळवार, सायंकाळी ६:१०

काका, कृपा करून आणू नका. दुसऱ्याच्या नावाच्या गोळ्या तर मुळीच नकोत. स्वतःच्या असतील तर मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, गरजेपुरत्या.

याच गोळीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय, आणि तोही टेक्सासचाच. कराचुरी-रोसेंदो, २०१०. लहानपणापासून अमेरिकेत राहिलेला ग्रीन कार्डधारक, मूळचा मेक्सिकोचा. एकदा थोडा गांजा, दुसऱ्या वेळी चिठ्ठीशिवाय झॅनॅक्सची एक गोळी. झॅनॅक्स म्हणजेच अल्प्राझोलाम. दुसऱ्या प्रकरणात शिक्षा फक्त १० दिवस. सरकारचं म्हणणं, दोन मिळून 'ॲग्रव्हेटेड फेलनी' (इमिग्रेशन कायद्यातला अतिगंभीर गुन्ह्यांचा वर्ग) होते, तेव्हा याला हद्दपारी थांबवण्याची विनंतीसुद्धा करता येणार नाही. कोर्टाने एकमताने ते फेटाळलं. पण तो माणूस एका गोळीपायी तिथवर पोचला, हे लक्षात ठेवा.

आता थोडं खोलात जाते, कारण आपल्यासारख्या परदेशी नागरिकांसाठी खरी मेख इथे आहे. इमिग्रेशन कायदा राज्याचा शिक्का मानतोच असं नाही. तो आपली मोजपट्टी लावतो. चोरी किंवा हिंसेच्या गुन्ह्यात एक वर्ष किंवा जास्त शिक्षा सुनावली, तर राज्याने त्याला मिसडिमीनर म्हटलं असलं तरी केंद्राच्या लेखी ती 'ॲग्रव्हेटेड फेलनी' ठरू शकते. शिक्षा स्थगित केली, माणूस एक दिवसही आत गेला नाही, तरी सुनावलेलं वर्ष मोजलं जातं. म्हणूनच ३६४ आणि ३६५ या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये, कॅलिफोर्नियाने २०१५ पासून आणि न्यू यॉर्कने २०१९ मध्ये मिसडिमीनरची कमाल शिक्षा मुद्दाम ३६४ दिवसांवर आणली. एक दिवस कमी केला आणि कितीतरी घरं मोडायची वाचली.

उलटसुलट दोन्ही निकाल आहेत. २००६ च्या लोपेझ खटल्यात साउथ डकोटाने ज्याला फेलनी म्हटलं, ते फेडरल कायद्यात मिसडिमीनर होतं, म्हणून कोर्टाने ते ॲग्रव्हेटेड फेलनी मानलं नाही. २००८ च्या बर्जेस खटल्यात साउथ कॅरोलिनाने ज्याला मिसडिमीनर म्हटलं होतं त्याला २ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती, म्हणून फेडरल कोर्टात ते फेलनी धरलं गेलं आणि त्या माणसाची किमान शिक्षा १० ची २० वर्षं झाली. पिट्सबर्गच्या पोरीने सांगितलं तेच: आकडा विचारा.

---

हडपसरी | मंगळवार, रात्री ८:४५

इथवर वाचून घामच फुटला. एक भाबडा प्रश्न. कोर्टात सरकारी वकील म्हणतो, "एवढं कबूल कर, दंड भर आणि घरी जा." तिथे कोणी सांगत नाही का, की बाबा रे, याचा व्हिसावर परिणाम होईल?

---

तळटीप | मंगळवार, रात्री ९:२०

२०१० पर्यंत सांगायला कोणी बांधील आहे का, हेच स्पष्ट नव्हतं. मग पडिया विरुद्ध केंटकी हा निकाल आला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेला, चाळीसहून जास्त वर्षं कायदेशीर राहिलेला एक ट्रकचालक. त्याच्या वकिलाने त्याला सांगितलं होतं की तू इतकी वर्षं इथे आहेस, काळजी नको. त्याने गांजा वाहतुकीचा गुन्हा कबूल केला आणि हद्दपारीची कारवाई मागे लागली. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आरोपीच्या वकिलाने हा धोका सांगायलाच हवा.

पण त्यासाठी वकील असावा लागतो ना. भाचा एकटा गेला होता. म्हणून मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एकच सांगते, तिकीट सोडून कोणत्याही कागदावर कोर्टाची तारीख आली तर 'गिल्टी' म्हणण्याआधी इमिग्रेशन जाणणाऱ्या वकिलाला एक फोन.

---

खारीबिस्किट | बुधवार, सकाळी १०:०५

मी एच.आर.मध्ये आहे, टेक्सासमध्येच. मूळ प्रश्नाकडे वळू या, बिचाऱ्या ताई दोन दिवस वाट बघताहेत.

पहिलं, फॉर्मवरचे नेमके शब्द बघा. 'फेलनी' एवढंच विचारलंय, 'कोणताही गुन्हा' म्हटलंय, की किती वर्षांतलं ते लिहिलंय? उमेदवाराला जुनी चूक नडते त्यापेक्षा लपवलेली जास्त नडते, हा माझा अनुभव. आमच्याकडे बॅकग्राउंड चेकमध्ये न्यू जर्सीची अशी नोंद आली की ती बहुतेक वेळा मिसडिमीनरच्या रकान्यातच येऊन बसते, कारण तपासणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात तिसरा रकानाच नसतो. 'नाही' लिहिलेलं आणि रिपोर्टमध्ये नोंद निघाली, तर समोरच्याला वाटतं मुलगा खोटं बोलला. खरं तर दोष त्या तक्त्याचा. मी स्वतः आमच्या कंपनीत फॉर्मखाली 'स्पष्टीकरण' अशी जागा करून घेतली, त्यासाठी वर्षभर भांडले.

---

तळटीप | बुधवार, सकाळी ११:३०

खारीबिस्किट, तुम्ही फार मोठं काम केलंत.

गवतीचहा, आता तुमचं. न्यू जर्सीचा कायदा स्वतःच म्हणतो की डिसऑर्डर्ली पर्सन्स ऑफेन्स हा राज्यघटनेच्या अर्थाने 'क्राइम' नाही. म्हणूनच तिथे ग्रँड ज्युरी (खटला भरायचा की नाही हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) नाही, ज्युरीही नाही. या आधारावर 'नाही'वर खूण करावी असं वाटेल. पण ही नोंद इमिग्रेशनच्या लेखी 'कन्व्हिक्शन', म्हणजे दोषी ठरणं, आहे का, यावर अपील मंडळ आणि न्यायालयांत बराच वाद झालाय. तेव्हा स्वतःच्या भरवशावर 'नाही' लिहू नये.

भाच्याने आधी त्या म्युनिसिपल कोर्टाकडून निकालाची शिक्का मारलेली प्रत मागवावी, 'सर्टिफाइड डिस्पोझिशन' म्हणतात. ती घेऊन इमिग्रेशनच्या वकिलाकडे जावं. फॉर्मवर जागा असेल तिथे किंवा जोडपत्रात न्यू जर्सीचेच शब्द लिहावेत: कोणतं कलम, कोणत्या कोर्टात, किती दंड, कमाल शिक्षा ६ महिने. भाषांतर करून त्याला फेलनी म्हणू नये आणि काहीच नव्हतं असंही म्हणू नये.

दिलासा देणारी गोष्ट अशी. प्रवेश नाकारण्याच्या नियमांत लहान गुन्ह्याची सवलत आहे. एकच गुन्हा, कमाल शिक्षा एका वर्षाच्या आत आणि सुनावलेली ६ महिन्यांच्या आत, तर ती लागू होऊ शकते. त्याचं प्रकरण त्यात बसण्याजोगं दिसतं, वकिलाकडून खात्री करून घ्या. दुसऱ्यांदा मात्र ही सवलत नाही. न्यू जर्सीत पाच वर्षांनी अशी नोंद पुसून घेण्याचा अर्जही करता येतो. नोकरीसाठी त्याचा उपयोग होईल. ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाच्या अर्जात मात्र पुसलेलंही सांगावं लागतं, म्हणून ती शिक्क्याची प्रत जन्मभर जपून ठेवा. नोंद पुसल्यावर कोर्ट पुन्हा प्रत सहजासहजी देत नाही. आधी प्रत, मग अर्ज. हा क्रम चुकलेली माणसं मी पाहिलीत.

---

पेठेतला_माणूस | बुधवार, रात्री ९:१५

सगळं वाचलं. मी परवा जरा तोडून बोललो. माझा नातू ऑगस्टमध्ये ओहायोला जातोय. हा धागा त्याला पाठवला आणि त्याच्याकडून वाचून घेतला. तळटीपताई, ते 'आधी प्रत, मग अर्ज' मी डायरीत लिहून ठेवलंय, देव करो आणि लागू नये.

---

गवतीचहा | पुढच्या सोमवारी, रात्री १०:२०

उशिरा येतेय, क्षमस्व.

प्रत आली. तीन ओळींचा कागद. कलम, दंडाची रक्कम, तारीख. याच कागदाच्या धास्तीने तो इतकी वर्षं पत्ता बदलला की टपालपेटी दोन दोनदा उघडून बघायचा, असं आता सांगतो.

वकीलबाईंनी तासभर दिला. फॉर्मवर 'हो'च्या चौकटीत खूण आणि शेजारी 'जोडपत्र पाहा', असं ठरलं. जोडपत्र तुम्ही सांगितलं तसंच, चार वाक्यांचं, त्यांनी तपासून दिलं. कंपनीला आज पाठवलं. आणखी एक प्रत त्यांनी स्वतःच्या फाइलला लावली आणि एक माझ्याकडे आहे, कपाटात, माझ्या नागरिकत्वाच्या कागदांसोबत.

बहिणीला मी काही बोलले नव्हते. काल रात्री त्यानेच साताऱ्याला फोन लावला आणि मला लाइनवर ठेवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जेवलास का?"